परदेशात नव्याने आलेल्या बायकांसाठी: मन बिघडलं तर कुठे जायचं, हे आधीच ठरवून ठेवा

घर मिळालं, बँकेत खातं उघडलं, मुलांची शाळा ठरली, की मुख्य कामं संपली असं वाटतं. त्याच यादीत आणखी एक काम घाला: मनाचं दुखणं निघालं तर कुणाकडे जायचं, हे ठरवणं. घरची माणसं जवळ असताना चेहरा उतरलेला दिसला की आई, बहीण, मैत्रीण, कुणीतरी विचारतंच. नव्या देशात ते विचारणारं कुणी नसतं. शिवाय स्थलांतर एकटं येत नाही. लग्न, बाळंतपण, सुटलेली नोकरी, घटस्फोट, पाळी जाण्याचा काळ यांपैकी काहीतरी बहुधा त्याच्या सोबतीने येतं. तब्येत बरी असताना लावलेली व्यवस्था अशा वेळी कामाला येते. अंथरुणातून उठवत नसताना अनोळखी भाषेत फोन करून डॉक्टर शोधणं फार अवघड जातं.

सुरुवात फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवण्यापासून करा. अनेक देशांत त्यांच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाची वेळ मिळत नाही, आणि मिळाली तरी रांग काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत असते. वेळ घेतानाच ‘मानसिक त्रासाबद्दल बोलायचं आहे, जास्त वेळाची अपॉइंटमेंट हवी’ असं सांगा. नेहमीच्या दहा मिनिटांत हे बोलणं उरकत नाही.

इथे हमखास एक घोळ होतो. आपण सांगतो, ‘डोकं जड होतं, छातीत धडधडतं, अंगात त्राणच नाही.’ डॉक्टर हृदयाचा आलेख काढतात, तो ठीक येतो आणि आपण घरी परततो. तक्रार खरी असते, पण अर्धीच सांगितलेली असते. म्हणून जाताना कागदावर पाच गोष्टी लिहून न्या: हे कधीपासून आहे, रात्री किती तास झोप लागते आणि पहाटे किती वाजता जाग येते, जेवण आणि वजन किती बदललं, पूर्वी सहज होणारी कुठली कामं आता होत नाहीत, आणि जगणं नकोसं वाटतं का. खाली आधीची दुखणी, घरात कुणाला मानसिक आजार होता का, आणि चालू असलेली सगळी औषधं लिहा. चूर्ण, काढे, झोपेच्या गोळ्याही त्यात आल्या. बोलताना शब्द अडले तर तो कागद सरळ डॉक्टरांच्या हातात द्या.

सोबत रक्त तपासायला सांगा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. थकवा, उदासी, विसरभोळेपणा यांच्यामागे यांपैकी काही असू शकतं. शाकाहारी बायकांमध्ये बी-१२ कमी असणं नेहमीचंच, आणि थंड, कमी उन्हाच्या प्रदेशात ड आणखी खाली जातं. पण अहवालात एखादी कमतरता निघाली म्हणून उदासीचा विषय तिथेच संपला असं धरू नका. दोन्ही एकत्र असू शकतात.

डॉक्टर बहुधा पीएचक्यू-९ ही नैराश्याचा अंदाज घेणारी प्रश्नावली देतील. त्यात मागच्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली की पुढची तपासणी हवी. ती मराठीतही मिळते, मागून घ्या. संकोचापायी सगळीकडे शून्य भरलं, तर तुम्हाला मदतीची गरज नाही असाच त्याचा अर्थ लावला जाईल.

कोण काय करतं

मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात. निदान आणि औषधं त्यांच्याकडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि थेरपी, म्हणजे बोलण्यातून उपचार, करतात, औषधं सहसा देत नाहीत. समुपदेशक आणि प्रशिक्षित समाजसेवकही थेरपी देतात. ‘लाइफ कोच’ला मात्र बहुतेक ठिकाणी परवाना लागत नाही. वेळ ठरवण्याआधी त्या देशाच्या किंवा राज्याच्या सरकारी नोंदवहीत त्या व्यक्तीचं नाव शोधा. ती बहुधा ऑनलाइन पाहता येते.

पैशांची अडचण असेल तर दोन वाटा आहेत. नोकरी देणाऱ्या कंपनीची कर्मचारी साहाय्य योजना असेल तर थेरपीची ठरावीक सत्रं फुकट मिळतात, आणि अनेकदा ती जोडीदारालाही लागू असते. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना हे बऱ्याचदा माहीतच नसतं. दुसरी वाट विद्यापीठांच्या प्रशिक्षण केंद्रांची. तिथे शिकाऊ थेरपिस्ट वरिष्ठांच्या देखरेखीखाली कमी फीमध्ये काम करतात. विमा नवऱ्याच्या नावावर असेल, तर भेटीचं बिल किंवा विवरण कुणाच्या पत्त्यावर जातं ते आधी विचारा.

मायदेशातल्या मराठी थेरपिस्टशी व्हिडिओवर बोलता येईल का? भाषेच्या दृष्टीने मोठा आधार आहे, पण अनेक ठिकाणी परवाना तुम्ही जिथे बसला आहात तिथला लागतो. दूरवरच्या डॉक्टरांचं औषधाचं पत्र बहुधा इथल्या दुकानात चालत नाही, आणि अडीअडचणीला ते तुमच्या दारापर्यंत पोचू शकत नाहीत. म्हणून असं बोलणं चालू ठेवायचं असेल तरी इथल्या डॉक्टरकडची नोंदणी सोडू नका.

दुभाषी लागत असेल तर वेळ घेतानाच मागा, आणि बाईच हवी असेल तर तसं स्पष्ट सांगा. नवरा, सासू, मुलं यांना दुभाषी करू नका. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांच्याच तोंडून ते सांगितलं जातं, आणि आईच्या मनातलं ओझं दहा वर्षांच्या पोराने का उचलावं? गावात मराठी माणसं मोजकी आहेत आणि ओळख निघेल अशी धास्ती असेल, तर दुसऱ्या शहरातला दुभाषी फोनवर मागता येतो. थेरपिस्ट आणि दुभाषी दोघांनाही गोपनीयता बंधनकारक असते. जिवाला धोका, लहान मुलाचा छळ, न्यायालयाचा आदेश असे अपवाद असतात. ते नेमके कोणते, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

खोलीत काय होतं

एक सत्र साधारण ५० मिनिटांचं, बहुधा आठवड्यातून एकदा. पहिली एक-दोन सत्रं माहिती घेण्यात जातात, त्यात लगेच हलकं वाटेल अशी अपेक्षा धरू नका.

आयुष्यातल्या बदलांसाठी इंटरपर्सनल थेरपीबद्दल, म्हणजे नातेसंबंधांवर भर देणाऱ्या थेरपीबद्दल, जरूर विचारा. जेराल्ड क्लेरमन आणि मिर्ना वाइसमन या अमेरिकन संशोधकांनी ती १९७० च्या दशकात विकसित केली. साधारण १२ ते १६ सत्रांत ती शोक, नात्यातला वाद, भूमिकेतला बदल आणि एकटेपणा या चारांपैकी एक-दोन विषयांवरच काम करते. भूमिका बदलली की काय करतात ते समजून घ्या. कमावती बाई घरी बसली, मुलगी आई झाली, बायको एकटी राहिली, तर आधी जुन्या भूमिकेत काय चांगलं होतं आणि काय जाचक होतं हे दोन्ही मांडलं जातं. गेलेल्या गोष्टीचं दुःख मोकळेपणाने करू दिलं जातं. मग नव्या भूमिकेला कुठली कौशल्यं आणि कुठली माणसं लागतील ते ठरतं. ‘आता सगळं छान आहे ना, मग रडतेस कशाला?’ हे ऐकून थकलेल्या बाईला यातला दुःखाचा टप्पा फार गरजेचा असतो. तो गाळून थेट ‘सकारात्मक राहा’वर उडी मारणारा थेरपिस्ट मला तरी पुरेसा वाटत नाही.

इथल्या थेरपिस्टला आपली कुटुंबं माहीत नसतात. सासर, माहेर, दीर, नणंद समजावण्यातच तीन-तीन सत्रं संपतात. म्हणून पहिल्या भेटीलाच कागदावर घरातल्या माणसांचा नकाशा काढून न्या: कोण कुठे राहतं, पैसे कोण पाठवतं, कुणाचा शब्द चालतो. ‘त्यांच्याशी संबंध तोडा’ असा सल्ला आला आणि तो पटला नाही, तर मान डोलावून पुढच्या वेळी जायचं टाळू नका. ‘हे माझ्या घरात असं होणार नाही, दुसरी वाट शोधूया’ असं तोंडावर सांगा. चांगला थेरपिस्ट हे ऐकून घेतो. तीन-चार सत्रांनंतरही आपलं म्हणणं पोचत नसेल, तर दुसरा थेरपिस्ट मागणं हा तुमचा हक्क आहे.

बाळंतपण आणि पाळी जाण्याचा काळ

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास रडू येणं, चिडचिड होणं हे नेहमीचं आहे आणि २ आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही तर ते नैराश्य असू शकतं, आणि ते पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतं. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिनबर्ग प्रश्नावली १० प्रश्नांत मागच्या ७ दिवसांचा अंदाज घेते. तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे ‘हो’ असेल तर बेरीज कितीही येवो, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. बाळाला काही होईल असे भीतिदायक विचार नको असताना मनात घुसणं अनेक आयांना होतं. त्या विचारांनी तुम्हाला शहारा येत असेल तर ते लपवू नका, त्यावर उपचार आहे.

याहून वेगळी आणि तातडीची अवस्था म्हणजे प्रसूतीनंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं. दर १००० बाळंतपणांत १-२ बायकांना, बहुधा पहिल्या २ आठवड्यांत होतो. झोप नाही तरी थकवा नाही, गोंधळ, टोकाचा संशय, नसलेलं दिसणं-ऐकू येणं. बायपोलर आजार (टोकाचा उत्साह आणि टोकाची उदासी आलटून पालटून येणं) आधी असेल तर धोका वाढतो. सकाळची वाट पाहू नका, त्याच वेळी रुग्णालयात न्या, आणि बाईला व बाळाला एकटं सोडू नका.

पाळी कायमची थांबण्याआधीच्या काही वर्षांत झोपमोड, घाम, चिडचिड आणि उदासी एकत्र येतात. आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर ते परतण्याची शक्यता या काळात जास्त. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि थेरपिस्ट दोघांनाही दाखवा. पाळीआधीचे दिवसच फार जड जात असतील, तर सलग दोन पाळ्यांचं रोजचं टिपण ठेवा. निदान त्यावरच होतं.

घरातच भीती असेल तर

नवरा मारत असेल, फोन तपासत असेल, पासपोर्ट ताब्यात ठेवत असेल, तर जोडप्याचं समुपदेशन सुरू करू नका. खोलीत बोललेल्याची शिक्षा घरी मिळते. एकटीची वेळ घ्या, डॉक्टरांना ‘नवऱ्याला बाहेर बसवा’ असं सांगा, आणि पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती विश्वासातल्या माणसाकडे ठेवा.

औषधं

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, मळमळ किंवा डोकेदुखी मात्र पहिल्याच आठवड्यात येते. म्हणून बरेच जण नेमके चुकीच्या वेळी सोडतात. बरं वाटू लागल्यावरही निदान ६ महिने घ्यावी लागतात, आणि बंद करताना हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. स्तनपान चालू असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. सर्ट्रालीन त्यांपैकी एक. सोडियम व्हॅल्प्रोएट (बायपोलर आजारावर आणि फिट्सवर देतात ते औषध) चालू असेल तर गर्भधारणेचा विचार करण्याआधीच डॉक्टरांना गाठा, गर्भाला त्याने गंभीर अपाय होऊ शकतो. पण मनाने बंद करू नका. मायदेशातून आणलेल्या झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांवर अनेक देशांत निर्बंध असतात. नुसतं ब्रँडचं नव्हे, तर मूळ औषधाचं नाव असलेलं डॉक्टरांचं पत्र सोबत ठेवा.

तातडीचा नंबर आणि तिथल्या संकटकालीन हेल्पलाइनचा नंबर आजच फोनमध्ये घाला. जीव द्यावासा वाटला तर ते एका माणसाला शब्दांत सांगा, त्याला सोबत थांबायला सांगा, आणि घरातला गोळ्यांचा साठा त्याच्या ताब्यात द्या. शहर किंवा देश पुन्हा बदलणार असाल तर निघण्याआधी थेरपिस्टकडून उपचारांचा लेखी सारांश आणि डॉक्टरांकडून निदान एका महिन्याचं औषध घ्या. नव्या ठिकाणी पहिली वेळ मिळेपर्यंत तेवढं लागतंच.