विडी तंबाखू: शेंडा मोडणी आणि बंबाखूची उपटणी वेळेत करा

निपाणी, चिकोडी, कागल पट्ट्यातल्या विडी तंबाखूला कळ्या दिसू लागल्या की शेंडा मोडायला लागा. वाण एनपीएन-190 असो की भव्यश्री, फुलं उमलेपर्यंत थांबू नका. निकोटीन मुळांत तयार होतं आणि तिथून पानांत चढतं. शेंडा गेला की मुळं जोर धरतात, पान जाड होतं, कडक होतं. विडीला हाच कडकपणा लागतो. वाळल्यावर पानावर तांबूस ठिपके उठले की पान चांगलं समजून व्यापारी ते हातात घेऊन बघतो. म्हैसूरकडच्या सिगारेटच्या तंबाखूचा हिशोब इथे लावू नका. तो भट्टीत गरम हवेवर पिवळा वाळवतात, त्यात साखर जास्त ठेवायची असते.

शेंडा मोडल्यावर बगलेत फुटवे येतात. ते दर 8-10 दिवसांनी, बोटाएवढे असतानाच काढा. हातभर वाढू दिले तर मोडणीची मजुरी वाया गेली समजा.

आता बंबाखू. हे आयतोबा तण तंबाखूच्या मुळाला चिकटून जगतं. झाडाच्या बुडाशी फिकट, मांसल कोंब जमीन फोडून वर आलेला दिसेल. त्याला हिरवं पान नसतं. एका रोपात लाखावर बी असतं, धुळीसारखं बारीक, आणि ते जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. म्हणून फुलायच्या आत उपटा आणि शेताबाहेर नेऊन जाळा. बांधावर टाकू नका, उकिरड्यात टाकू नका, जनावरांना तर मुळीच घालू नका. शेणखतातून तेच बी परत रानात येतं. ज्या रानात फार झालाय तिथे पुढची दोन-तीन वर्षं ज्वारी किंवा तीळ घ्या. जड वाटेल, पण मला तरी दुसरा खात्रीचा मार्ग दिसत नाही.

पाने खाणाऱ्या अळीला भुलवायला कडेने एरंड लावला असेल तर त्याची अंडीपुंज असलेली पानं तोडून नष्ट करा. फवारणीची वेळ आलीच तर आधी 5 टक्के निंबोळी अर्क वापरा. हे पान कोणी धुऊन वापरत नाही. तोडणीच्या तोंडावर मारलेलं औषध विडीत, जर्द्यात, मशेरीत जसंच्या तसं जाऊ शकतं.

खारट विहिरीचं पाणी देऊ नका. क्लोराईड वाढलं की पान ओल धरतं आणि विडी मध्येच विझते. याच कारणाने पालाश द्यायचा तर पुढच्या हंगामापासून म्युरेट ऑफ पोटॅश टाळून सल्फेट ऑफ पोटॅश घ्या.

आणि बायामाणसांची काळजी घ्या. दवाने ओल्या पानांतलं निकोटीन कातडीतून अंगात जातं. मळमळ, उलटी, चक्कर यामुळेच येते. दव वाळल्यावरच रानात शिरा. रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, भाकरीआधी हात साबणाने धुवा. गरोदर बाईला आणि पोरांना या कामाला लावू नका.