वादाची बातमी लिहिताय? या चुका टाळा

इंदुरात वर्तमानपत्राच्या डेस्कवर बावीस वर्षं काढली. आता नव्या मुलांच्या बातम्या तपासून देतो. राजकीय वाद पेटला की त्याच चुका पुन्हा समोर येतात.

सगळ्यात जास्त चीड येते ती 'संपर्क होऊ शकला नाही' या ओळीची. ती मीही एकदा लिहिली आहे. हातगाड्या हटवण्याचा वाद होता, आरोप एका पार्षदांवर, म्हणजे नगरसेवकांवर. रात्री पावणेअकराला एकदाच फोन लावला, उचलला नाही, पान छपाईला सोडायची घाई, टाकली ओळ. सकाळी ते गृहस्थ ऑफिसात हजर. मोबाइल पुढे धरला, त्यात एक मिस्ड कॉल. "चार गल्ल्या सोडून राहतो मी. संध्याकाळी का नाही आलात?" मला उत्तर देता आलं नाही. आरोप पहिल्या पानावर गेला होता. त्यांचा खुलासा तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर, दोन इंचांत. तेव्हापासून आरोप हाती आला की आधी समोरच्याला विचारतो, मग लिहायला बसतो. नेमका आरोप मेसेजमध्ये लिहून पाठवतो आणि कधी, कसं विचारलं ते बातमीत देतो. 'वेळच नव्हता' म्हणणाऱ्याची बातमी मी परत करतो. उद्या छापू.

दुसरी चूक अर्ध्या आकड्याची. २०२४ च्या लोकसभेला इंदूरच्या काँग्रेस उमेदवारानं २९ एप्रिलला अर्ज मागे घेतला आणि भाजपची वाट धरली. काँग्रेसनं 'नोटा' (वरीलपैकी कोणी नाही) दाबा म्हटलं. नोटाला २,१८,६७४ मतं पडली. भाजपचे शंकर लालवानी ११,७५,०९२ मतांनी जिंकले. दोन्ही आकडे खरे. पण ही आघाडी ५१,६५९ मतं मिळवणाऱ्या बसप उमेदवारावरची आहे, कारण नोटा उमेदवार धरला जात नाही. नुसती आघाडी छापली तर एका बाजूचं काम होतं, नुसता नोटा छापला तर दुसऱ्या. आकड्यामागची परिस्थिती त्याच परिच्छेदात हवी.

मथळ्यात 'घोटाळा' आणि आत 'कथित' हे चालणार नाही.

एक नेता 'म्हणाला' आणि दुसऱ्यानं 'कबूल केलं' असं लिहू नका. दोघंही म्हणाले.

राजवाडा चौकातल्या सभेच्या गर्दीचा आकडा कोणी सांगितला, ते लिहा.

दोन्ही बाजूंना सारखी जागा दिली की काम संपलं, हा आळस आहे. वाद एखाद्या ठरावाचा असेल, तर तो ठराव नगर निगमात, म्हणजे महापालिकेत, आहे ना? जाऊन वाचा आणि त्यात काय आहे ते छापा.

चूक झालीच तर दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत.