जुना डॉस पीसी युनिक्सला जोडताना

डॉसवर चालणाऱ्या माझ्या जुन्या ४८६ पीसीमध्ये एनई२००० जातीचं नेटवर्क कार्ड बसवलं, तेव्हा पॅकेट ड्रायव्हर, म्हणजे डॉसला ते कार्ड वापरू देणारा छोटा प्रोग्राम, निमूटपणे लोड झाला. कार्डाचा इथरनेट पत्ताही स्क्रीनवर बरोबर उमटला. युनिक्स मशीनला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ असं नेटवर्कवरून विचारलं, तर उत्तर शून्य. दोन संध्याकाळी आयपी पत्ता आणि नेटमास्क उलटसुलट करण्यात गेल्या. शेवटी युनिक्सच्या बाजूला टीसीपीडम्प, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्राम, लावला. तिथे पीसीचा एआरपी प्रश्न (‘या आयपीचा इथरनेट पत्ता कोणता?’) नीट पोचत होता, युनिक्स लगेच उत्तर देत होतं, आणि थोड्या वेळाने पीसी पुन्हा तोच प्रश्न विचारत होता. म्हणजे कार्डाला बोलता येत होतं, ऐकू येत नव्हतं. कार्ड आयआरक्यू ३ वर, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या ३ नंबरच्या लाइनवर होतं आणि कॉम २ हा सिरियल पोर्टसुद्धा तीच लाइन धरून बसलेला. कार्डावरचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) हलवून ते १० वर नेलं, ड्रायव्हरलाही १० सांगितलं, आणि पिंग परत आला.

तेव्हापासून कोणी विचारलं की मी सांगतो, नेटवर्क कार्डाने सुरुवात करूच नका. आधी सिरियल केबल. तिथे बिघडण्यासारख्या गोष्टी मोजक्या असतात. युनिक्सच्या सिरियल पोर्टवर गेटी (लॉगिन विचारणारा प्रोग्राम) चालू करायचं, पीसीवर कर्मिट हा टर्मिनल आणि फाइल पाठवायचा प्रोग्राम. हा प्रोग्राम १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात तयार झाला तो खराब लाइनवरूनही फाइल धड पोचावी म्हणूनच, आणि ते काम तो आजही चोख करतो. दोन्हीकडे सेटिंग सारखंच: वेग सेकंदाला ९६०० बिट, ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक तपासायचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट. लॉगिनची ओळ दिसली की निम्मी लढाई जिंकली.

केबलमध्ये मात्र एक गंमत आहे. ९ पिनी पोर्टवर २ नंबरची पिन ऐकायची आणि ३ नंबरची बोलायची. २५ पिनी पोर्टवर बरोबर उलट. त्यामुळे दोन्हीकडे ९ पिनी असतील तर २ आणि ३ उलटे जोडायचे, पण एकीकडे ९ आणि दुसरीकडे २५ असेल तर नल मोडेम केबलमध्ये (दोन कॉम्प्युटर मोडेमशिवाय थेट जोडणारी केबल) २ ला २ आणि ३ ला ३ सरळ जातात. ग्राउंड ९ पिनीवर ५, २५ पिनीवर ७. शंका आली तर केबल काढा, पोर्टच्या २ आणि ३ पिना तारेच्या तुकड्याने जोडा, कर्मिटमध्ये हँडशेक (‘थांब, पाठव’ असे इशारे) बंद करा आणि टाइप करा. अक्षरं परत आली तर पोर्ट ठीक, दोष पलीकडे.

वेग वाढवायचा मोह होतोच. सिरियल पोर्टच्या जुन्या ८२५० चिपला आलेली अक्षरं ठेवायला एकाच बाइटची जागा, १६५५०ए ला १६ बाइटची. पहिल्या चिपवर वेग चढवला की अक्षरं गळायला लागतात, आणि आपण बिचाऱ्या केबलला शिव्या देतो.

आता कार्ड. पॅकेट ड्रायव्हरला तीन आकडे लागतात: सॉफ्टवेअर इंटरप्ट (प्रोग्रामांनी ड्रायव्हरला हाक मारायचा नंबर), आयआरक्यू आणि कार्डाच्या पोर्टचा पत्ता. पहिला बहुधा ६० हेक्स (सोळाच्या पायावरचा आकडा), शेवटचा बहुधा ३०० हेक्स. हेक्सची खूण विसरून नुसतं ६० लिहिणं ही नवख्यांची ठरलेली चूक. ८ बिटी स्लॉटवर १० नंबरची आयआरक्यू लाइन पोचतच नाही, तिथे ५ मोकळी आहे का बघा किंवा कॉम २ बंद करून ३ घ्या.

पातळ कोअॅक्स केबल वापरणार असाल तर मल्टीमीटर जवळ ठेवा. मशीन बंद करून टी जोडाच्या मधल्या तारेपासून बाहेरच्या जाळीपर्यंत रोध मोजा. साधारण २५ ओहम आले तर दोन्ही टोकांचे टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लावायचे ५० ओहमचे रोधक) जागेवर आहेत, ५० आले तर एक गायब आहे. ट्विस्टेड पेअर, म्हणजे पीळ दिलेल्या तारांची आजची नेहमीची नेटवर्क केबल वापरणाऱ्यांना ही कटकट नाही. फक्त आपला स्विच १० मेगाबिट अजून स्वीकारतो ना, ते पाहून घ्या, कारण काही नव्या वेगवान पोर्टांनी ते सोडून दिलंय.

फाइलींसाठी मी एफटीपीच वापरतो. झिप फाइल आणण्याआधी बायनरी मोड लावायचा, नाहीतर ती उघडताना सीआरसीची, म्हणजे फाइल बिघडल्याची चूक दाखवते. मजकुराच्या फाइलींचं दुखणं वेगळं. डॉस प्रत्येक ओळीअखेर दोन चिन्हं ठेवतो, युनिक्स एकच. डॉसवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट बायनरीत पाठवली की युनिक्स म्हणतं, असा इंटरप्रिटरच नाही. आणि डॉससाठी फाइलींची नावं आठ अधिक तीन अक्षरांतच ठेवा.

विंडोज ९८ मधून सांबाचं (युनिक्सवरची फोल्डरं विंडोजला दाखवणारा प्रोग्राम) फोल्डर उघडायचं असेल तर सांबाच्या ४.११ आवृत्तीपासून जुना एसएमबी१, म्हणजे त्यासाठी लागणारा प्रोटोकॉल, मुळात बंद असतो. तो मुद्दाम चालू करावा लागतो, आणि टेलनेट, एफटीपीप्रमाणे तोही इंटरनेटकडे उघडा ठेवण्यासारखा नाही. माझ्याकडे युनिक्स मशीनला यासाठी दुसरं नेटवर्क कार्ड आहे. जुनी मंडळी त्या कार्डाच्या वेगळ्या स्विचवर, आणि तिथून बाहेर रस्ता नाही.

सिरियल केबल मी अजून काढलेली नाही. ड्रायव्हरची ओळ बिघडली की नीट चालणारी प्रत तिच्यावरूनच येते.