पंप उचलण्याआधी पान उलटून बघा: कपाशी-वांग्यासाठी श्रावण-भाद्रपदातला सल्ला

पावसाने दोन दिवस उघडीप दिली की जळगाव, धुळे, नंदुरबारात कपाशीच्या शेतांतून पंप सुरू होतात. बांधाशेजारच्याने मारलं म्हणून आपण मारायचं, दुकानातून मिळालेली एक बाटली आणि दोन पुड्या एकाच टाकीत ओतायच्या, हे आता नेहमीचंच झालं आहे. त्या फवाऱ्यात कीड मरते, पण तिला खाणारे किडे आधी मरतात आणि परत यायला त्यांना कीडीपेक्षा जास्त दिवस लागतात. मधल्या काळात पांढरी माशी मोकाट सुटते. पहिल्या दोन महिन्यांत सायपरमेथ्रीनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉईड औषधं मारलेल्या शेतात हे हमखास दिसतं. त्यामुळे या दिवसांत आठवड्यातून एकदा शेतात मोजणीसाठी जा, आणि मोजताना दोन्ही बाजूंचे, म्हणजे पिकावरची कीड आणि तिला खाणारे, असे किडे मोजा.

मोजणीचं कसब फार नाही. एकरात वेगवेगळ्या ठिकाणची वीस झाडं निवडा. कडेची सोडून आतली घ्या, कारण कडेच्या झाडांवर चित्र नेहमी वेगळं असतं. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं असं एकेक पान हळूच उलटून बघा. सकाळी लवकर गेलात तर पांढरी माशी अजून सुस्त असते, उडून जात नाही. पानामागे सरासरी दहा मावा, तुडतुड्याची दोन ते तीन पिल्लं, दहा फुलकिडे किंवा पांढरीच्या आठ ते दहा माश्या, या आकड्यांपर्यंत औषधाचा विचार करायचा नाही. बियाण्याला लावलेलं औषध सुरुवातीचे महिनाभर तरी रोप सांभाळतं. त्या काळातली फवारणी म्हणजे विकतचं दुखणं.

आता दुसरी बाजू. मावा खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड) सगळ्यांना ओळखता येतो, त्याची अळी मात्र नाही. ती काळपट, अंगावर पिवळे-नारिंगी ठिपके आणि खरखरीत काटे असलेली, सुसरीच्या पिल्लासारखी दिसते. निंदणीला आलेल्या बाया किंवा सालदार तिला कीड समजून चिरडतात, तेव्हा ती आधी त्यांना दाखवून ठेवा. माव्याच्या वसाहतीत ती सापडली की त्या झाडाला हात लावू नका. क्रायसोपा या मित्रकीटकाची अंडी तर एकदा पाहिली की विसरत नाहीत: पानावर केसासारखा बारीक देठ उभा आणि टोकाला हिरवट-पांढरा दाणा. त्याची अळी विळ्यासारख्या जबड्यांनी मावा शोषून रिकामा करते. माव्यात बिनपायांची हिरवट अळी सरकताना दिसली तर ती सिर्फीड माशीची. हीच माशी फुलापुढे हवेत एका जागी थांबलेली तुम्ही पाहिली असेल. कोळी कुठलाही असो, आपलाच धरा.

माव्यात काही दाणे फुगलेले, सोनेरी-तपकिरी आणि निश्चल दिसले तर ते आतून खाल्लेले आहेत. आत गांधीलमाशीच्या जातीचा, टाचणीच्या डोक्याएवढासुद्धा नसलेला कीटक वाढतोय. पिठ्या ढेकणाच्या बाबतीत कापूस पट्ट्याने हे मोठ्या प्रमाणावर अनुभवलं आहे. २००५-०६ च्या सुमारास कपाशीवर आलेल्या पिठ्याने धुमाकूळ घातला होता. तो आटोक्यात यायला औषधांपेक्षा एनॅसियस नावाच्या इवल्याशा परोपजीवी माशीचा हात मोठा होता. पिठ्याच्या जागी कडक, तपकिरी कवचं दिसली तर तिचं काम चालू आहे असं समजा आणि ती फांदी तोडू नका.

मोजणीत दोन किडींमागे एक मित्रकीटक निघाला तर थांबा, चार-पाच दिवसांनी पुन्हा मोजा. फवारायचंच झालं तर पाच टक्के निंबोळी अर्कापासून सुरुवात करा: पाच किलो कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवून गाळायची आणि शंभर लिटर करायची. गेल्या उन्हाळ्यात निंबोळ्या वेचून ठेवल्या असतील तर फारसा खर्चही नाही.

गुलाबी बोंडअळीला मात्र ढिलाई नको. पेरणीनंतर पंचेचाळीस दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यागणिक आठ किंवा जास्त पतंग आले की उपाय करायचा. डोमकळ्या (अळी आत असल्याने न उमललेली, गुलाबकळीसारखी फुलं) दिसतील तशा तोडून नष्ट करा. ट्रायकोकार्ड (बोंडअळीची अंडी खाणाऱ्या परोपजीवी कीटकाचं कार्ड) लावणार असाल तर संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचा आणि मुंग्या पोचणार नाहीत असं बघा. कार्डाच्या आधी-नंतर काही दिवस रासायनिक फवारा नको, नाहीतर ते पैसे गेले म्हणून समजा.

पिवळे चिकट सापळे गरजेपुरतेच लावा, कारण पिवळ्या रंगाला ढालकिडेही भुलतात. प्रकाश सापळा संध्याकाळी सात ते दहा चालवून बंद करा. रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली सकाळी कोण कोण मरून पडलंय ते एकदा बघून घ्या.

भरिताच्या वांग्याची लागवड केलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वांग्याच्या फुलातला पराग सहज सांडत नाही. परागकोशाला टोकाशी बारीक छिद्रं असतात आणि फूल थरथरवल्यावरच पराग बाहेर पडतो. हे मधमाशीला जमत नाही. ते काळा मोठा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी करतात. फुलाला बिलगून घूंऽऽ असा आवाज काढणारी तीच. ही निळ्या पट्ट्यांची माशी जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करते, भुंगा वाळक्या लाकडात आणि बांबूत. म्हणून बांधाचा एखादा कोरडा तुकडा नांगराविना ठेवा, जुन्या खोपीची मातीची भिंत असेल तर ती लिंपू नका. फुलोऱ्यात सकाळी दहा मिनिटं एका जागी उभं राहून फुलांवर येणाऱ्या माश्या मोजा, आठवड्याने पुन्हा तिथेच मोजा. आकडा पडला तर गेल्या आठवड्यातली फवारणी तपासा. औषध द्यावंच लागलं तर ते संध्याकाळी, फुलांवरची वर्दळ संपल्यावर.

कपाशीच्या कडेला मका किंवा ज्वारीच्या ओळी, मध्ये चवळी, तीळ, झेंडू असेल तर मित्रकीटकांना खाणं आणि आसरा दोन्ही मिळतं. चवळीवर मावा येतो तो येऊ द्या, त्यावरच ढालकिड्यांची पिढी वाढते. पण रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हा सल्ला उलटतो. मावा केळीच्या हरण्या रोगाचा विषाणू पसरवतो आणि चवळी, काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो ही त्याची घरं आहेत. मृगबागेशेजारी (मृगात लावलेल्या केळीशेजारी) यातलं काहीच नको. इथे ढालकिड्यांच्या भरवशावरही राहू नका, कारण मावा खाल्ला जाण्याआधी विषाणू पुढच्या झाडात गेलेला असतो. रोगट रोप दिसताच उपटून बागेबाहेर पुरा.

एखादा किडा ओळखू येत नसेल तर चिरडू नका. झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीत पानासकट ठेवा आणि पाल, ममुराबाद, धुळे किंवा कोळदा, जे जवळ असेल त्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून मगच औषधाच्या दुकानात जा.