फीड चार बोटं नव्हे, चांगला चौदा सेंटिमीटर चुकला होता

वाईतल्या घरापासून मळ्यापर्यंत २.४ गिगाहर्ट्झची बिनतारी लिंक टाकायची होती. केबलवाल्याची जुनी १२० सेंटिमीटरची डिश मिळाली. काठावर दोरी ताणून खोली मोजली: बरोबर २० सेंटिमीटर. व्यासाचा वर्ग भागिले सोळा पट खोली, म्हणजे नाभी, डिशवर आदळलेल्या लहरी एकवटतात तो बिंदू, तळापासून ४५ सेंटिमीटरवर. हिशोब चोख, तरी सिग्नल उणे ७८ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं) वर सरकेना. दोन दिवस डिश फिरवत बसलो.

चूक फीडमध्ये, म्हणजे डिशसमोर बसवून लहरी सोडणाऱ्या डब्यात निघाली. तोंड डिशकडे करून या पत्र्याच्या डब्याचं बूड मी ४५ वर बसवलं होतं. लहरी पसरतात त्या डब्याच्या तोंडापासून, तेव्हा नाभीवर तोंडच यायला हवं. डबा १४ सेंटिमीटर लांब, आणि तरंगलांबी जेमतेम साडेबारा! अख्ख्या लहरीपेक्षा जास्त चूक झाल्यावर काठाकडून येणाऱ्या लहरी मधल्या लहरींशी जुळणार कशा?

क्लॅम्प सैल करून डबा मागे ओढला, मग अर्धा-अर्धा सेंटिमीटर पुढे-मागे. आकडा उणे ७१ वर थांबला. सात डेसिबल, म्हणजे पाचपट शक्ती, निव्वळ एका पान्याच्या जोरावर. डब्याचं तोंड आता पातळ प्लॅस्टिकने झाकलंय. पहिल्याच पावसात आत कुंभारमाशीचं घर सापडलं होतं.