केसांच्या गोळीनंतर पुरुषाची छाती वाढू लागली तर काय करावे

इंदूरच्या रामबागेतील आमच्या औषधांच्या दुकानात केस गळण्याची गोळी मागायला आलेला मुलगा सहसा गिऱ्हाईक कमी होण्याची वाट पाहत बाजूला उभा राहतो. तीच गोळी घेऊन छाती सुजलेला मुलगा मात्र दुकानात येतच नाही. एक जण आला तो दोन वर्षांनी. भिजलेला सदरा अंगाला चिकटतो म्हणून त्याने रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, जाणे सोडले होते, उन्हाळ्यातही तो आत जाड बनियन घालत असे, पण डॉक्टरकडे गेला नव्हता. तोवर गोळ्यांनी उतरण्याची वेळ निघून गेली होती आणि शस्त्रक्रियेवाचून इलाज उरला नव्हता. या विकारात तारखेला फार महत्त्व आहे, म्हणून छाती हुळहुळी लागली किंवा स्तनाग्रामागे गाठ जाणवली, तर त्याच दिवशी ती तारीख आणि गोळी सुरू केल्याचा महिना लिहून ठेवावा.

पुरुषाच्या स्तनग्रंथीच्या या वाढीला गायनेकोमास्टिया म्हणतात. केसांच्या गोळीतले फिनास्टेराइड हे औषध 5 मिलिग्रॅमच्या मात्रेत प्रोस्टेटच्या वाढीसाठी 1992 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि 1 मिलिग्रॅमच्या मात्रेत पुरुषी टकलासाठी 1997 मध्ये. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचे जे तीव्र संप्रेरक बनते आणि केसांची मुळे बारीक करते, ते बनवणारे विकर (एन्झाइम) हे औषध अडवते. त्यामुळे रक्तातील डीएचटी सुमारे 70 टक्क्यांनी उतरते. न वापरले गेलेले टेस्टोस्टेरॉन थोडे वाढते, त्याचा काही भाग चरबीच्या पेशींत इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि स्तनग्रंथीपाशी तागडी इस्ट्रोजेनच्या बाजूला झुकते. याच जातीचे दुसरे औषध, ड्युटास्टेराइड, डीएचटी 90 टक्क्यांहून अधिक उतरवते. हा दुष्परिणाम तसा विरळाच. 1 मिलिग्रॅमच्या चाचण्यांत तो शंभरात एकापेक्षाही कमी जणांना झाला. तेव्हा गोळी घेणाऱ्या प्रत्येकाने धास्ती घेण्याचे कारण नाही.

प्रथम आपण नेमके काय घेतो ते पाहावे. पुष्कळ जण "मी गोळी घेत नाही, फक्त लोशन लावतो" असे सांगतात. बाटली मागवून घेतली की तिच्यावर मिनॉक्सिडिल (केस वाढवण्याचे औषध) 5 टक्के आणि त्याखाली बारीक अक्षरांत फिनास्टेराइड 0.1 टक्का छापलेले निघते. टाळूवर लावलेले औषधही थोडेफार रक्तात उतरते. काही जण स्वस्त पडते म्हणून 5 मिलिग्रॅमची गोळी ब्लेडने चार तुकडे करून खातात; तुकडे कधीच सारखे पडत नाहीत, आणि घरात गरोदर स्त्री असेल तर या चुऱ्याला तिचा हात लागणे पोटातील मुलग्याच्या दृष्टीने धोक्याचे असते. यादी करताना छाती वाढवू शकणाऱ्या इतर गोष्टी, म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन (लघवीचे औषध), रिस्पेरिडोन (मनोविकाराचे), किटोकोनॅझोलच्या (बुरशीवरच्या) गोळ्या, दारू आणि व्यायामशाळेत कोणी दिलेले स्नायू वाढवण्याचे इंजेक्शन हेही न लपवता लिहावे. शेवटच्या गोष्टीबद्दल तरुण मुले हमखास खोटे बोलतात, आणि सगळा दोष केसांच्या गोळीवर जातो.

गाठ आहे की नुसती चरबी, याचा अंदाज घरी घेता येतो. उताणे झोपून ज्या बाजूची छाती तपासायची तो हात डोक्याखाली घ्यावा, दुसऱ्या हाताचा अंगठा व तर्जनी स्तनाच्या दोन कडांवर ठेवून हळूहळू स्तनाग्राकडे आणावीत. ग्रंथी वाढली असेल तर स्तनाग्राच्या बरोबर मागे रबरासारखी, थोडी सरकणारी, बहुधा दुखरी चकती बोटांना अडते. चरबी असेल तर बोटे अडथळ्याविना स्तनाग्रापर्यंत येतात. रोज दाबून पाहू नये, त्याने दुखणे वाढते. गाठ स्तनाग्राच्या एका अंगाला असेल, दगडासारखी टणक व न दुखणारी असेल, कातडी आत ओढली गेली असेल, स्तनाग्रातून रक्त येत असेल किंवा काखेत गाठी लागत असतील, तर त्याच आठवड्यात शल्यविशारदाला गाठावे. स्तनांच्या एकूण कर्करोगांपैकी सुमारे एक टक्का पुरुषांत आढळतो. वृषणात गाठ नाही ना, हेही पाहावे, कारण तेथील काही गाठींमुळेही छाती वाढते.

खासगी डॉक्टर परवडत नसेल तर इंदूरच्या सरकारी एम.वाय. रुग्णालयाच्या शल्यचिकित्सा बाह्यरुग्ण विभागात जावे. सोबत गोळ्यांची रिकामी पट्टी न्यावी. डॉक्टर गरजेप्रमाणे टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायोल, एलएच, प्रोलॅक्टिन, एचसीजी या संप्रेरकांच्या, तसेच थायरॉइड, यकृत व मूत्रपिंड यांच्या तपासण्या आणि सोनोग्राफी सांगतात. औषध दोषी वाटले तर ते थांबवणे हाच पहिला उपचार. फिनास्टेराइड काही दिवसांत शरीराबाहेर पडते. ड्युटास्टेराइडचे प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे पाच आठवडे लागतात, त्यामुळे ते घेणाऱ्याने अधिक धीर धरावा. पहिल्या सहा महिन्यांत ग्रंथी वाढीच्या अवस्थेत असते, आणि तेव्हा औषध सुटले तर ती पुष्कळदा आपोआप उतरते. दुखरेपणा आधी जातो, चकती मागून. फार दुखत असल्यास डॉक्टर काही महिने टॅमॉक्सिफेन (स्तनग्रंथीवर इस्ट्रोजेनला अडवणारे औषध) देतात. त्याने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, म्हणून चिठ्ठीविना ते मागू नये. आम्ही देतही नाही. सुमारे वर्षभरानंतर ग्रंथीच्या जागी तंतुमय ऊती तयार होते, आणि मग ना औषध थांबवल्याने फरक पडतो ना गोळ्यांनी. जोर-बैठका काढून तर ती मुळीच जात नाही. उलट खालचा स्नायू वाढून ती अधिक पुढे येते.

शस्त्रक्रियेचा विचार या टप्प्यावर करावा. प्लास्टिक सर्जन वाढ किती आहे ते पाहून पद्धत ठरवतात. चरबी अधिक असेल तर सलाइन, लिग्नोकेन (जागा बधिर करणारे) व अ‍ॅड्रेनलिन (रक्तस्राव कमी करणारे) यांचे मिश्रण भरून बारीक नळीने ती ओढून घेतात. पण घट्ट चकती नळीतून निघत नाही, ती स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेवर अर्धवर्तुळाकार छेद घेऊन कापून काढावी लागते. केवळ चरबी ओढून भागेल असे कोणी सांगितले, तर "माझी चकती कशी काढणार?" असा सरळ प्रश्न विचारावा. काढलेली ऊती तपासणीला पाठवणार का, हेही विचारावे. विमा कंपन्या याला बहुधा सौंदर्यशस्त्रक्रिया ठरवून नाकारतात, म्हणून होकार आधी लेखी घ्यावा.

तंबाखू आणि सिगारेट निदान चार आठवडे आधी सोडावी, अ‍ॅस्पिरिन घेत असल्यास सांगावे. शस्त्रक्रिया साधारण तास-दोन तासांची असते. पहिल्या चोवीस तासांत एक बाजू अचानक फुगली, ताठली व फार दुखू लागली, तर आत रक्त साठत असल्याचे समजून रात्र असली तरी रुग्णालयात परतावे. बैठे काम आठवडाभरात सुरू होते, वजने उचलणे सहा आठवड्यांनी. घट्ट दाबाचे जॅकेट चार ते सहा आठवडे रात्रंदिवस घालावे लागते. वैशाखाच्या उन्हात त्याखाली घामोळे येऊन जीव नकोसा होतो, तेव्हा घाई नसेल तर कार्तिक-मार्गशीर्षातला मुहूर्त धरावा आणि धुण्यासाठी जॅकेटे दोन घ्यावीत. स्तनाग्राची बधिरता काही महिने राहू शकते.

केसांचा प्रश्न मात्र तसाच राहतो: फिनास्टेराइड सोडल्यावर त्याने टिकवलेले केस वर्षभरात जातात. नुसते मिनॉक्सिडिल किंवा केशरोपण यांविषयी त्वचारोगतज्ज्ञांशी बोलावे, जुनी गोळी मनाने सुरू करू नये. स्तनाग्र आत खचू नये म्हणून सर्जन त्याखाली ग्रंथीचा सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा थर मुद्दाम ठेवतात, आणि तीच गोळी पुन्हा घेतली तर तो थर वाढू शकतो.