स्प्रिंटमध्ये वेळ कुठे सांडतो? ५० आणि १०० मीटर फ्रीस्टाईलच्या या चुका टाळा

पॅरिसच्या २०२४ सालच्या ऑलिंपिकमध्ये महिलांची १०० मीटर फ्रीस्टाईल स्वीडनच्या सारा शोस्त्रोमने ५२.१६ सेकंदांत जिंकली. अमेरिकेच्या टॉरी हस्कला ५२.२९, तर हाँगकाँगच्या शिवॉन हॉहीला ५२.३३ सेकंद लागले. सुवर्ण आणि रौप्य यांच्यातला १३ शतांश सेकंदांचा हा फरक पाण्यावर मोजला तर जेमतेम एक वीत भरतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या मुलींचा सराव घेताना ही वीत मी डोळ्यांसमोर ठेवतो, कारण आमच्याकडे मुलगी हरली की काठावरून पहिला उद्गार येतो तो "अजून जोर लावायला पाहिजे होता" असा, आणि दहापैकी आठ वेळा तो चुकलेला असतो. पाण्याचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वेग थोडासा वाढवायचा म्हटला तरी ताकद त्याच्या कितीतरी पट खर्चावी लागते. शरीराचा पाण्याला होणारा अडथळा थोडा कमी केला, तर मात्र आहे तीच ताकद मुलीला पुढे नेते. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्या जवळजवळ सगळ्या जोर लावण्याच्या भरात होतात.

विहिरीतली मान

सीमाभागातल्या पुष्कळ मुली पाठीला पांगिऱ्याचा बिंडा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. त्यांना पाण्याची भीती नसते, खांदे भक्कम असतात आणि दमही चांगला असतो. मात्र विहिरीत पोहताना मान पाण्याबाहेर ठेवावीच लागते, कारण वरून कोण केव्हा उडी टाकील याचा नेम नसतो आणि पायऱ्यांकडेही लक्ष ठेवावे लागते. हीच मान पुढे तलावात येते. डोके वर आले की कंबर खाली जाते, कंबरेमागोमाग मांड्या बुडतात आणि सरळ सुरीसारखे जायला हवे असलेले शरीर तिरक्या फळीसारखे पाणी ढकलत जाते. अशा वेळी पायांची सगळी मेहनत शरीर वर धरण्यातच संपते.

खानापूरकडच्या एका पंधरा वर्षांच्या मुलीचे उदाहरण मला नेहमी आठवते. पहिल्या २५ मीटरपर्यंत ती सर्वांच्या पुढे असे आणि त्यानंतर कोणीतरी मागून दोरीने ओढल्यासारखी थांबे. नजर तळाच्या काळ्या पट्ट्यावर ठेव, असे सांगितल्यावर तिने विचारले, "सर, खाली बघितलं तर कोण पुढं गेलंय ते कळायचं कसं?" प्रश्न रास्त होता, पण ५० मीटरच्या शर्यतीत ते कळून उपयोग काहीच नसतो, कारण डावपेच बदलायला वेळच उरत नाही.

ही चूक ओळखण्यासाठी काठावरून, पाण्याच्या पातळीजवळ मोबाईल धरून बाजूने चित्रण करावे. पोहताना पार्श्वभाग पृष्ठभागाजवळ दिसत नसेल आणि कपाळाने पाण्याची भिंत उभी केली असेल, तर दोष मानेचा आहे. पाय मारण्याचा सराव फळी धरून तासन् तास करून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती फारशी पटत नाही, कारण फळी धरली की मान आपोआप वर येते. त्याऐवजी हात पुढे ताणून, चेहरा पाण्यात ठेवून पाय मारायला लावावे. पाय मारताना पाणी खूप उडते, आवाज मोठा होतो आणि मुलगी मात्र जागच्या जागी राहते, असे दिसले तर ती गुडघ्यातून सायकल मारते आहे असे समजावे. पाय मांडीच्या सांध्यातून हलायला हवेत, गुडघा सैल आणि घोटा मोकळा राहायला हवा.

उडीतच हरलेली शर्यत

विहिरीतला सूर खोल जातो आणि तिथे तो तसाच शोभतो. शर्यतीतला सूर मात्र उथळ आणि लांब असावा लागतो. बोटे जिथून पाण्यात शिरली त्याच भोकातून डोके, कंबर आणि पाय आत जावेत, अशी कल्पना करावी. उडी मारल्यानंतर शरीराचा वेग संपूर्ण शर्यतीतला सर्वाधिक असतो. खोल गेलेली मुलगी तो वेग वर येण्यात घालवते, तर लगेच हात मारायला सुरुवात करणारी पृष्ठभागावर येऊन स्वतःच तो मोडते. नियमानुसार उडीनंतर आणि प्रत्येक वळणानंतर १५ मीटरच्या आत डोके पाण्याबाहेर आलेच पाहिजे, आणि ती खूण लेनच्या दोरीवर वेगळ्या रंगाने दाखवलेली असते. पण १५ मीटर ही केवळ मर्यादा आहे, तिथपर्यंत गेलेच पाहिजे असे नाही. जिची पाण्याखालची डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून लाटेसारखे मारणे) कच्ची आहे तिने आठ-नऊ मीटरवर वर यावे. नाहीतर आंतरराष्ट्रीय शर्यतींची चित्रफीत पाहून नक्कल करणारी मुलगी बाराव्या मीटरवर दमलेली बाहेर येते.

दुसरी चूक शिकवणाऱ्यांची आहे आणि मीही ती काही वर्षे केली. सरावात आपण "एक, दोन, तीन" म्हणून शिट्टी वाजवतो आणि मुलींचे शरीर त्या तालाला सरावते. प्रत्यक्ष स्पर्धेत पंचाच्या लांब शिट्टीवर उडीच्या चौथऱ्यावर, म्हणजे ब्लॉकवर, चढायचे असते, "टेक युवर मार्क्स" ऐकल्यावर पूर्ण स्थिर व्हायचे असते आणि त्यानंतर सुटण्याचा आवाज केव्हा येईल हे ठरलेले नसते. सर्व जणी स्थिर झाल्याशिवाय स्टार्टर तो देत नाही. तालावर सुटणारी मुलगी आधी हलते आणि फॉल्स स्टार्टला दुसरी संधी मिळत नाही, ती थेट बाद होते. म्हणून सरावात आज्ञा आणि आवाज यांमधले अंतर मुद्दाम कमी-जास्त ठेवावे, आणि मधूनच आवाज न देता मुलींना खाली उतरायला सांगावे.

ब्लॉकवर मागच्या पायासाठी जी तिरकी, पुढे-मागे सरकणारी पट्टी असते, ती आपल्याकडच्या सरावात प्रत्येकीच्या वाट्याला येतेच असे नाही. बेंगळुरूच्या मोठ्या स्पर्धेत ती पहिल्यांदा पाहिली की मुली गोंधळतात आणि आदल्या मुलीने ठेवलेल्या जागीच पाय देऊन मोकळ्या होतात. आपली खाच क्रमांक कितीची, हे वॉर्मअपच्या दिवशीच ठरवून पाठ करावे. गॉगल उडीत निसटत असेल तर पट्टा आणखी आवळण्याआधी हनुवटी पाहावी; पाण्यात शिरताना समोर बघणाऱ्या मुलीचा गॉगल कितीही आवळला तरी निघतो.

श्वास, आणि श्वासाचे धोके

पहिल्या फळीतल्या अनेक जलतरणपटू ५० मीटर एकही श्वास न घेता किंवा फार तर एक-दोन श्वासांत पोहतात, हे खरे आहे. शोस्त्रोमने २०२३ मध्ये फुकुओका येथे २३.६१ सेकंदांचा विश्वविक्रम नोंदवला. जिला हेच अंतर पोहायला ३३ सेकंद लागतात तिने तिची नक्कल करण्यात अर्थ नाही, कारण शेवटच्या दहा सेकंदांत तिचे हात जड होऊन सगळी कमाई परत जाते. अशा मुलीने दोन ते तीन श्वास घ्यावेत, पण ते कुठे घ्यायचे हे आधीच ठरलेले असावे. बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या दोन हातांत श्वास नको आणि शेवटच्या पाच मीटरमध्येही नको. श्वास घेताना डोके उचलले जात असेल तर एक डोळा पाण्यातच राहील इतकेच वळायची सवय लावावी.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. दम वाढवायचा म्हणून भराभर खोल श्वास घेऊन नंतर पाण्याखाली शक्य तितके लांब जाण्याची पैज मुले लावतात, तलावातही आणि विहिरीतही. भराभर श्वास घेतल्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि श्वास घेण्याची तगमग त्याच्यामुळेच जाणवत असल्याने ती उशिरा सुरू होते. दरम्यान प्राणवायू संपतो आणि चांगला पोहणारासुद्धा काही कळायच्या आत पाण्याखाली बेशुद्ध होतो. श्वास रोखण्याचा सराव एकट्याने कधीही करू नये. काठावर कोणी तरी फक्त त्या मुलीकडे पाहत उभे असल्याशिवाय मी तो करूच देत नाही, मग पालक कितीही नाराज होवोत.

शंभर म्हणजे दोनदा पन्नास नव्हे

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकला जाताना ऑस्ट्रेलियाच्या केट कॅम्पबेलच्या नावावर ५२.०६ सेकंदांचा ताजा विश्वविक्रम होता. अंतिम शर्यतीत ५० मीटरला वळताना ती सर्वांत पुढे होती आणि शेवटी सहावी आली. त्याच वळणावर सातवी असलेली कॅनडाची पेनी ओलेक्सियाक आणि अमेरिकेची सिमोन मॅन्युएल यांनी ५२.७० अशी तंतोतंत सारखी वेळ नोंदवली आणि दोघींनाही सुवर्णपदक मिळाले. कॅम्पबेलच्या मनात त्या दिवशी काय चालले होते याचा तर्क मी करणार नाही, पण आमच्या मुलींना ही शर्यत मी दोनदा दाखवतो. पहिल्यांदा फक्त कॅम्पबेलकडे बघायला सांगतो आणि दुसऱ्यांदा ओलेक्सियाककडे.

तालुका पातळीवर हीच चूक आणखी ठळक दिसते. पहिले २५ मीटर आरडाओरड्यात उडून जातात, हातांची गती वाढत जाते आणि प्रत्येक हातात पकडले जाणारे पाणी कमी होत जाते. दोष शोधायचा असेल तर हात मोजावेत. पहिल्या ५० मीटरला ४४ हात आणि दुसऱ्या ५० मीटरला ५६ हात लागत असतील, तर मुलगी दमली एवढेच खरे नाही. तिचा हात कोपरातून खाली पडतो आहे आणि तळवा पाण्यातून निसटतो आहे. माझा हिशेब असा आहे की शंभरातले पहिले ५० मीटर तिच्या सुट्या ५० मीटरच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा सुमारे सेकंदभर मागे असावेत. उडीचा फायदा नसल्याने दुसरा भाग थोडा हळू होणारच. पण तो चार सेकंदांहून अधिक हळू झाला, तर सुरुवात हावरेपणाने झाली असे समजावे. वळणाबद्दल एवढेच म्हणेन की भिंतीला शरीराचा कोणताही भाग लागला तरी चालतो, पण लागला मात्र पाहिजे. आणि वळायच्या आधीचा शेवटचा हात व नंतरचा पहिला हात श्वासाविना असावा.

घड्याळ, कपडे आणि दहावी

मोबाईलवर घेतलेली वेळ घेऊन पालक माझ्याकडे येतात तेव्हा मी तिच्यात मनातल्या मनात दोन दशांश सेकंद मिळवतो. आवाज ऐकून बोट हलेपर्यंत वेळ जातोच आणि भिंत जवळ येताना दिसत असल्याने शेवटी बोट आगाऊ पडते, त्यामुळे हाताने घेतलेली वेळ नेहमी गोड येते. २५ मीटरच्या तलावातली वेळही ५० मीटरच्या तलावाशी ताडून पाहू नये, कारण तिथे भिंतीचा धक्का जास्त वेळा मिळतो. ग्रेचेन वॉल्शने डिसेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टला ५० मीटर २२.८३ सेकंदांत पार केले ते २५ मीटरच्या तलावात.

पोहण्याचा पोशाख वाढत्या अंगाचा घेऊ नये. पुढच्या वर्षीही चालेल म्हणून घेतलेला सैल पोशाख छातीपाशी बादलीसारखा पाणी धरतो. दुसऱ्या टोकाला, मोठ्या स्पर्धेसाठीचा घट्ट पोशाख चढवायला पंधरा-वीस मिनिटे लागतात हे पहिल्यांदा स्पर्धेच्या दिवशीच कळू नये. महिलांचा पोशाख खांद्यापलीकडे आणि गुडघ्याखाली जाता कामा नये, आणि पॉलियुरेथेनचे जुने पोशाख २०१० पासून बाद आहेत.

दहावीच्या वर्षी तलाव बंद करणे ही आमच्याकडची सर्वांत मोठी चूक आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे तंत्राचा उपाय नाही. बेंगळुरूची धिनिधी देसिंघू १४ व्या वर्षी पॅरिसला पोहली, हे घरोघर सांगितले जाते. शोस्त्रोमने तिथे स्प्रिंटची दोन्ही सुवर्णपदके जिंकली तेव्हा ती ३० वर्षांची होती, हे मात्र कोणी सांगत नाही. एसएसएलसीच्या वर्षात आठवड्याला तीन सकाळी, पाऊण-पाऊण तास पोहले तरी पाण्याची पकड टिकते, आणि ती एकदा गेली की परत यायला वर्ष लागते.

शेवटचे पाच मीटर

रिओतच महिलांच्या ५० मीटरमध्ये डेन्मार्कच्या पेर्निले ब्लूमेने २४.०७, मॅन्युएलने २४.०९ आणि बेलारूसच्या अलियाक्सांद्रा हेरासिमेनियाने २४.११ सेकंदांत भिंत गाठली. सुवर्ण आणि कांस्य यांच्यातले चार शतांश सेकंद म्हणजे अंतरात जवळपास चार बोटे. आमच्या मुली याहून जास्त अंतर भिंतीपाशी फुकट देतात. कोणी भिंत कुठे आहे हे बघायला मान वर काढते, कोणी अजून दोन हात मारायचे बाकी असतानाच हात ताणून तरंगत जाते, तर कोणी भिंत अंगावर आल्यावर अर्धा हात मारून कोपर वाकवून टेकते. घड्याळ थांबवणाऱ्या टचपॅडला नुसता स्पर्श पुरत नाही, त्यावर दाब द्यावा लागतो. त्यामुळे हळूच टेकलेली बोटे कधी कधी उशिरा नोंदली जातात.

यावरचा सराव साधा आहे. भिंतीपासून पाच मीटरवर पाण्याच्या वर पताका टांगलेल्या असतात आणि तळाचा काळा पट्टा भिंतीच्या दोन मीटर आधी आडव्या रेघेने संपतो. पूर्ण वेगात पोहताना पताकांपासून भिंतीपर्यंत आपल्याला किती हात लागतात, हे प्रत्येकीने दमलेले असताना मोजावे, कारण ताज्या अंगाने मोजलेला आकडा शर्यतीत खोटा ठरतो. मघाशी सांगितलेल्या खानापूरकडच्या मुलीचा आकडा पाच आहे. आडवी रेघ दिसली की ती नजर न उचलता, खांदा पुढे ताणून, पाण्याच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली भिंतीवर बोटे आदळते, आणि हे आम्ही दर शनिवारी सराव संपल्यावर, सगळ्या जणी घरी जायच्या घाईत असताना, दहा वेळा करतो.